सावकाश खाणारा बेडूक

एकदा एक सधन व्यापारी जलचरांची विद्या जाणणाऱ्या एका वृद्ध गुरुजींकडे आला. त्याचा चेहरा अगदी उतरला होता.

"गुरुजी, सून उद्या माहेरी चाललीय. भाऊ न्यायला येतोय. ती परत येईल असं वाटत नाही," तो म्हणाला. "घरात कशाची ददात नाही. कोणी तिला वाकडा शब्द बोलत नाही. तरी पोर वाळत चाललीय, विचारलं तर बोलत नाही. एकदा शहरातल्या दुकानात पाण्यातल्या बेडकांसमोर बराच वेळ उभी राहिली, म्हणून दोन बेडूक आणले, काचेची टाकी आणली. टाकी रिकामी दिसते म्हणून रंगीत मासे सोडले. तर एक बेडूक गेला, आणि उरलेलाही वाळतोय! तो तरी जगवा. तो मेला तर कोणत्या तोंडाने तिला थांब म्हणू?"

गुरुजी आपल्या तरुण शिष्याला घेऊन निघाले.

त्या घरात पाऊल ठेवताच शिष्याच्या कानठळ्या बसल्या. भांडण मुळीच नव्हते. माणसे प्रेमळच होती. पण तोंडाचे पट्टे असे सुटलेले, की एकाचे वाक्य संपण्याआधी दुसरा ते पुरे करी. "चहा घेणार ना? घेणारच!" असे प्रश्नोत्तर एकाच दमात उरकत असे. अशी घरे आपणही पाहिली आहेत, किंबहुना आपण त्यात राहतो.

सून हेमांगी टाकीपाशी बसली होती. "काही खाल्लं का गं त्यानं?" सासूने विचारले. हेमांगीने तोंड उघडले, तोवर सासूच म्हणाली, "कुठलं खातोय! सकाळपासून तसाच पडलाय." हेमांगीने तोंड मिटले.

टाकीत मासे विजेसारखे फिरत होते. तळाशी अंगठ्याएवढा बेडूक बसला होता, फासळ्या दिसाव्यात इतका रोड. ही जात जन्मभर पाण्यातच राहते, श्वासापुरती वर येते.

"निवडच चुकली," शिष्य लगबगीने म्हणाला. "घेतानाच गुबगुबीत, तरतरीत बघून घ्यायचा असतो. हा मठ्ठ आहे. बदलून आणू या."

"अन्न तर मी चिमटीवर चिमटी घालतो," व्यापारी म्हणाला.

गुरुजी टाकीपाशी गेले. कुजलेले अन्न तळातून उपसून त्यांनी थोडे पाणी बदलले, तेही घरात आदल्या दिवशी भरून ठेवलेले. मग एक पणती मागवून ती टाकीच्या कोपऱ्यात, बेडकाजवळ बुडवली. माशांना दुसऱ्या टोकाला खाऊ घातले. शेवटी सोबत आणलेल्या काचेच्या बारीक नळीतून चार किडे पणतीत सोडले, नळीचे टोक बेडकाच्या नाकासमोर धरले आणि ते तसेच थांबले.

बेडूक हलेना. घरात सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला. "जरा ढोसा त्याला!" "भूकच नाही हो त्याला!" "पाणी गार असेल!" गुरुजींचा हात तिळभर ढळला नाही. बऱ्याच वेळाने बेडकाने नाक वर केले, झेप घेतली आणि घास चुकला.

"बघा, नाहीच जमत त्याला," सासू म्हणाली.

"अजून त्याचं झालेलं नाही," गुरुजी म्हणाले.

पुन्हा झेप, पुन्हा चूक. तिसऱ्या वेळी मात्र किडा तोंडात आला आणि बेडकाने दोन्ही हातांनी तो आत कोंबला. घर प्रथमच गप्प झाले.

"गुरुजी, एका घासासाठी एवढा वेळ?" शिष्याने विचारले. "अन्न कमी होतं का इथं?"

"बाळा, अन्न भरपूर होतं, याची पाळी येत नव्हती. याची नजर मंद. हा वासाने घास शोधतो, अंदाज घेतो, मग तोंड उघडतो. तोवर मासे सगळं फस्त करतात. मासे दुष्ट नाहीत. ते चपळ आहेत, आणि त्यांना वाटतं, याला भूकच नाही. तू याला मठ्ठ म्हणालास आणि बदलायला निघालास. दुसरा आणलास तरी तो बेडूकच असणार ना? ज्याला आपण निवडून घरी आणलं, त्याच्या गतीनं थोडं थांबायचं, हीच त्याची निगा. टाकी, पाणी, अन्न ही नंतरची गोष्ट."

व्यापाऱ्याने मान वळवली. तो आता बेडकाकडे नाही, सुनेकडे पाहत होता.

"मला..." हेमांगी म्हणाली.

"हो गं, आनंद झालाय तुला, कळतंय की..." सासू बोलू लागली.

व्यापाऱ्याने बायकोचा हात घट्ट धरला. "थांब जरा. तिला बोलू दे."

त्या घराला शांतता सोसणे फार जड गेले. धाकट्या दिराने तर ओठ दातांखाली धरला. पण सगळे थांबले.

"मला इथंच राहायचंय," हेमांगी सावकाश म्हणाली. पुन्हा थांबली. कोणीही मध्ये बोलले नाही. "तुम्ही सगळे चांगले आहात. फक्त... माझं वाक्य पुरं होऊ देत जा."

सासूचे डोळे भरून आले. तिने काही बोलायला तोंड उघडले आणि, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, ते मिटून सुनेला जवळ घेतले.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला, बहिणीच्या सासरी पोटभर जेवला आणि एकटाच परत गेला. त्या दिवशी जेवण उरकायला मात्र नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.