दौलू कर्णेवाल्याची काळी

मोरकडे गावात कुणालाही विचारा, सांगतील की ही फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तशी ती काही राजाराणीच्या काळातली नाही हां. गावात वीज आलेली होती. म्हणजे खांब आले होते, तारा आल्या होत्या, बल्ब आले होते, आणि अधूनमधून बल्बात उजेडसुद्धा यायचा. पण एखादा माणूस लोकांच्या तोंडी बसला ना, की त्याची वर्षं कुणी मोजत नाही. तो फार वर्षांपूर्वीच होऊन गेलेला असतो.

तर दौलू. दौलू कर्णेवाला. मोरकडे गाव डोंगराच्या एका अंगाला, मध्ये ओढा, आणि ओढ्यापलीकडे सरळ आभाळात गेलेला कडा, तोच मोरकडा. त्या सगळ्या खोऱ्यात लाऊडस्पीकरचा पहिला कर्णा आणला तो दौलूने. एक ॲम्प्लिफायर, एक रेकॉर्ड प्लेअर, दोन कर्णे आणि एक माइक. लग्न असो, बारसं असो, सत्यनारायण असो, दौलू झाडावर कर्णा बांधायचा आणि तीन गावांना कळायचं की आज कुणाकडे जेवण आहे. त्याच्या कर्ण्याला बुजून एकदा नवरदेवाचा घोडा वऱ्हाडासकट पुढच्या गावात गेला आणि तिथल्याच मांडवात उभा राहिला, असं म्हणतात. खरंखोटं भैरोबाला माहीत.

पण रोज कर्ण्याच्या बुडाशी बसून दौलूचे कान गेले. अगदी बहिरा नाही झाला. बारीक आवाज तेवढे गेले. आधी चिमण्या गेल्या, मग बायकोच्या बांगड्या गेल्या, मग हळू बोललेलं सगळंच गेलं. राहिले ते जाड, खालचे आवाज. ढगांचा. जात्याचा. आणि ढोलाचा.

ढोल म्हटलं की केरबा. ओढ्यापलीकडे, कड्याच्या अगदी पायथ्याला, केरबाचं एकटं घर. दौलू आणि केरबा लहानपणापासूनचे दोस्त, म्हणजे एकाच्या पायात काटा मोडला तर दुसरा लंगडायचा, इतके. आणि केरबाचा हात! इतर ढोलकरी धडाधड वाजवतात, हा थांबून वाजवायचा. थाप पडायच्या आधी हवा दबायची. दोन थापांच्या मधे माणसाला आपली सगळी पापं आठवायची, असं म्हणतात.

कर्णा आला तशी केरबाची बोलावणी कमी झाली. दौलू रेकॉर्ड बदलायचा तेवढ्या वेळात केरबा वाजवायचा, आणि दोघं हसायचे.

मग पाटलाच्या थोरल्याचं लग्न आलं. मांडव भरलेला, दौलू रंगात आलेला, हातात माइक. केरबाने मधेच ढोल धरला आणि तो काही लवकर सोडेना. दौलूच्या हातातली रेकॉर्ड तशीच. तेव्हा दौलू माइकवर म्हणाला, "पाव्हणं, आमच्या केरबाला कुणीतरी सांगा. म्हणावं, ढोल उलटा कर आन् जोंधळं भर त्यात. आता तेवढ्याच कामाचा ऱ्हायलाय."

मांडव हसला. अख्खा मांडव. पलीकडच्या दोन गावांतली माणसं आपापल्या ओसरीत बसून हसली. केरबापण हसला, असं म्हणतात. त्याने हातातला ताल पुरा केला, ढोल खांद्याला मारला, ओढा ओलांडला आणि ढोल खुंटीला टांगला.

दौलूला त्याच संध्याकाळी कळलं होतं, आपण काय बोलून बसलो ते. चूक कळायला कान लागत नाहीत. उद्या जाऊन दोन शब्द बोलून येतो, असं तो रोज म्हणायचा. पण लगीनसराई होती. मग पेरण्या आल्या. मग ओढ्याला पाणी चढलं आणि दौलूला आयतं कारण मिळालं. पुढे पाणी उतरलं, पण तोवर इतके दिवस झाले होते, की आता जायचं तर आधी इतके दिवस का आलो नाही हे सांगावं लागणार. असंच असतं ना? माफी शिळी झाली की जड होते.

गणपती झाल्यावर दौलू प्लेअरची सुई आणायला मुंबईला गेला. तिथे बंदराजवळ एका खलाशाने जुन्या रेकॉर्डींचं एक गाठोडं विकायला काढलं होतं, ते दौलूने उचललं. घरी येऊन सोडतो तर त्यात चार सिनेमाच्या, एक भजनाची, आणि एक परदेशी. कव्हर भिजून गेलेलं, अक्षर एक वाचता येईना. आता आपल्याला अंदाज आहे ती कुठली असणार. कुठल्यातरी लांबच्या, लोखंडाच्या कारखान्यांच्या काळवंडलेल्या गावातल्या चार पोरांनी गिटारी आणि ढोल घेऊन केलेली, जिच्या पोटातून पुढे जगभर हजार बँड निघाले, ज्यांचे काळे टी-शर्ट घालून पुण्यातली पोरं अजून मानेला झटके देत असतात, हेवी मेटल म्हणतात त्या जातीची. पण मोरकड्यात तिचं नाव एकच, काळी. काळ्या तर सगळ्याच रेकॉर्डी असतात हो. हिचा आवाज काळा होता.

मुळात ती जड. त्यात दौलूने ती लावली दिवेलागणीला. त्या वेळी सगळ्या खोऱ्यातले बल्ब लागलेले, व्होल्टेज उतरलेलं, आणि प्लेअरची मोटर दमलेल्या बैलासारखी फिरत होती. त्यामुळे त्या चार पोरांनी जे वाजवलं होतं ते अजून खाली गेलं, अजून संथ झालं, डोंगर कूस बदलतो ना, तसं. फडताळातली पितळी भांडी गुणगुणायला लागली. गोठ्यातल्या म्हशी खाली बसल्या आणि डोळे मिटून रवंथ करायला लागल्या. दगडांखालचे विंचू बाहेर आले, वेशीपर्यंत गेले आणि परत म्हणून आले नाहीत, असं म्हणतात.

पाटील धावत आले आणि म्हणाले, "दौल्या, कुणाचं मढं उचलायचंय रं?"

दौलूने ऐकलंच नाही. त्याच्या अंगावर काटा आला होता. किती महिन्यांनी त्याला काहीतरी पुरतं ऐकू येत होतं. त्या ढोलात थांबून पडणारी थाप होती. त्याला कुणाची आठवण आली ते त्याने स्वतःलासुद्धा सांगितलं नाही.

आणि तेवढ्यात मोरकड्याकडून उत्तर आलं.

धम्म. जराशा उशिराने, जसा कड्याचा प्रतिध्वनी येतो तसा. धम्म. दौलू चमकला. मोरकडा हाकेला उत्तर देतो हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, पण आजवर त्याने सिनेमाच्या गाण्याला कधी ओ दिली नव्हती. दौलूला वाटलं, कड्याला काळी आवडली.

दुसऱ्या संध्याकाळी परत लावली. परत उत्तर आलं. मग रोजच. दसरा झाला, दिवाळी झाली. दिवे लागले की दौलू काळी लावायचा आणि कान कड्याकडे करून बसायचा. दिवसेंदिवस कड्याचं उत्तर सुंदर होत चाललं. रेकॉर्ड थांबली तरी पलीकडून चार थापा जास्तीच्या यायच्या. दौलू कौतुकाने म्हणायचा, "म्हातारा झालाय कडा. थांबाया वेळ लागतो त्याला."

लोक हसून मान डोलवायचे. कारण काय वाजतंय ते सगळ्या गावाला माहीत होतं. ज्यांचे कान धड होते त्यांना चामडं आणि दगड यातला फरक कळत होता. केरबाने ढोल खुंटीवरून काढला, दोघा दोस्तांचं जुळलं, रोज संध्याकाळी एकमेकांशी बोलतात, असंच गाव समजत होतं. दौलूचं कड्याबद्दलचं बोलणं म्हणजे त्याची थट्टा, असं सगळ्यांना वाटायचं. थट्टेखोर म्हणून तर तो प्रसिद्ध होता. म्हणून कुणी त्याला काही सांगितलं नाही. एकाने, फक्त एकाने सांगितलं असतं तरी चाललं असतं.

पौषात दौलू कर्णा घेऊन लांबच्या एका जत्रेला गेला. तिथून दुसरीकडे बोलावणं आलं, तिथून तिसरीकडे. मोरकड्याहून त्याच्या मागावर निरोप निघाला होता, पण निरोप पोचायचा तोवर दौलू पुढच्या गावाला गेलेला असायचा. बारा दिवसांनी तो दिवस मावळताना परतला. बैलगाडीतून सामान उतरवलं, हातपायसुद्धा धुतले नाहीत, आणि काळी लावली.

गाव दारात आलं. बायकांनी पदर डोळ्याला लावले. पाटलांनी पागोटं काढून हातात घेतलं. त्यांना वाटलं, दौलूला वाटेतच कळलंय आणि तो दोस्ताला निरोप देतोय.

दौलू कान लावून बसला. कड्याकडून काहीच आलं नाही.

त्याने सुई पाहिली. तारा पाहिल्या. कर्ण्याचं तोंड जरा फिरवलं. काळी पहिल्यापासून लावली. काहीच नाही. मग त्याच्या मनात आलं, पलीकडे दरड कोसळली असेल, कड्याचं तोंड बुजलं असेल. आणि दौलू, जो आठ महिन्यांत दोन शब्द बोलायला ओढा ओलांडून गेला नव्हता, तो प्रतिध्वनी दुरुस्त करायला निघाला. खांद्यावर पहार घेऊन.

कडा होता तिथेच होता, जसाच्या तसा. पायथ्याच्या घरासमोर केरबाची बायको हिराक्का बसली होती. कपाळ मोकळं होतं.

दौलूच्या हातातून पहार पडली. हिराक्काने त्याला बसायला घोंगडं टाकलं आणि त्याच्या कानाशी वाकून, मोठ्याने, एकेक सांगत गेली. ताप आला होता. आठ दिवसांचं दुखणं. दौलूने विचारलं, "आन् कडा? कडा कधीपास्नं गप झालाय?"

हिराक्का म्हणाली, "भावजी, कडा कुठं ताल धरतो व्हय?"

मग तिने सांगितलं. काळी पहिल्यांदा लागली त्या संध्याकाळी खुंटीवरचा ढोल आपोआप घुमायला लागला. कुणी हात लावला नव्हता. केरबा भाकरीवरून उठला आणि म्हणाला, दौल्यानं हाक मारली. ढोल काढला आणि ओ दिली. रोज द्यायचा. तुमची रेकॉर्ड थांबली की चार थापा जास्तीच्या मारायचा, म्हणायचा, एवढ्यावर तरी येईल. मग दार उघडं ठेवून बसायचा. ताप होता तेव्हासुद्धा विचारत होता, कर्णा का लागंना आज.

दौलू उठला आणि ओढ्याकडे चालू लागला. बोलायचं ते चार भिंतींत बोलण्यासारखं नव्हतंच. थट्टा तीन गावांनी ऐकली होती, तर माफीही तीन गावांनी ऐकायला हवी.

दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही कर्णे देवळाच्या शिखराशी बांधले, तोंडं केरबाच्या घराकडे. लोक जमले. दौलूने माइक धरला, डोळे मिटले आणि म्हणाला, "केरबा, चुकलो. मी यायला पायजे हुतं."

आणि नेमकी त्याच घटकेला वीज गेली. डोळे मिटलेले, कान तसले, दौलूला कळलंच नाही. त्याने सगळं सांगितलं. लहानपणापासूनचं सांगितलं. शेजारी उभ्या असलेल्या आठ-दहा माणसांनी ऐकलं. तीन गावांनी नाही. ओढ्यापलीकडे गेलं नाही. डोळे उघडले तेव्हा ॲम्प्लिफायरचा दिवा विझलेला होता, आणि लोक खाली मान घालून उभे होते. परत बोल, असं म्हणायची कुणाची छाती झाली नाही. असले शब्द काय रोज रोज येतात का हो?

वीज नऊ दिवस आली नाही. दहाव्या दिवशी आली तेव्हा दौलू घरात नव्हता. कर्णा होता, माइक होता, काळी प्लेअरवर होती. कुणी म्हणतं तो बंदरावर दिसला, काळीसारखी दुसरी शोधत. कुणी म्हणतं तो कड्यात शिरला आणि केरबाला ऐकू जाईपर्यंत तेच शब्द म्हणतोय.

आता मोरकड्यात काळीचा ताल म्हणून एक ताल आहे. पंचक्रोशीतली ढोलपथकं तो वाजवतात, जड, थांबून थांबून. हल्ली चैत्रात भैरोबाच्या जत्रेला पुण्या-मुंबईची गिटारवाली पोरंपण येतात, काळे टी-शर्ट घालून, आणि जमिनीला कान लावून ऐकतात. एकदा त्यांच्यातल्या एकाने तीच खरी रेकॉर्ड फोनवर शोधून एका म्हाताऱ्या ढोलकऱ्याला ऐकवली, तिच्या मूळ स्पीडला. म्हातारा म्हणाला, "येवढी पळापळ कशाला? कुणी मागं लागलंय का त्यांच्या?"

जत्रेचा रिवाज मात्र ठरलेला. आधी केरबाच्या ढोलावर मूठभर जोंधळे पसरतात. काळी आता झिजून गुळगुळीत झालीय, तिच्यातून नुसती खरखर येते, तरी ती लावतात, आणि दाणे चामड्यावर उड्या मारायला लागतात, असं म्हणतात. मग त्या वर्षीचा कर्णेवाला, कुणी का असेना, माइक हातात घेतो. त्याआधी दोन माणसं पलीकडच्या दोन गावांत जाऊन आलेली असतात, वीज टिकून आहे ना, कर्ण्याचा आवाज तिथवर पोचतो ना, याची खात्री करून. आणि तो म्हणतो, "केरबा, चुकलो."

तीन गावं ऐकतात. कडा शब्द परत पाठवतो, चुकलो, चुकलो. सगळी जत्रा मुकाट उभी असते, पाळण्यातली पोरंसुद्धा, त्यानंतर एक तरी थाप येते का ते ऐकत.

थाप येत नाही. मग एक माणूस ढोल खांद्याला लावतो, आणि पहिली थाप वाजवायच्या आधी केरबाच्या दाराकडे चालत ओढा ओलांडतो.