तीनच्या कडेवर

विंचूरकर सर तोंडी परीक्षा घ्यायला आले की आधी वर्गाच्या खिडक्या लावून घेत. उत्तरं खिडकीतूनच आत येतात, असा त्यांचा पक्का समज. बरोबर उत्तर ऐकलं की त्यांचा संशय जास्तच बळावे.

त्या दिवशी मंजुळा काटकर समोर आली. सरांनी फळ्यावर आलेख काढला. डावीकडून चढत आलेली रेघ तीनच्या आकड्यावर, दोनच्या उंचीला तुटली. उजवीकडून उतरत आलेली रेघ त्याच तीनवर, पण पाचच्या उंचीला थांबली. दोन्ही टोकांना सरांनी पोकळ गोल काढले, म्हणजे ती टोकं आलेखात धरायची नाहीत.

“तीनकडे जाताना सीमा किती? म्हणजे रेघ कुठल्या उंचीकडे जाते?”

“डावीकडून दोन, उजवीकडून पाच,” मंजुळा म्हणाली.

सरांनी डोळे बारीक केले. “एका जागेला दोन उत्तरं? यातलं कुठलं तुला कुणी पढवलंय? पटवून दे, नाहीतर नापास!”

“सर, डायसवरून चालत कडेपर्यंत या ना.” सर आले. मंजुळा बाकांकडून चालत त्याच कडेला येऊन थांबली. “कड एकच. तुमचे पाय वर, माझे खाली. आपल्यात खोटं कोण?”

सर चपापले, पण हार मानीनात. “बरं, मग नेमकं तीनवर फलनाची किंमत, म्हणजे आलेखाची उंची, किती?” हा त्यांचा ठेवणीतला सापळा. घोकून आलेली पोरं इथे हमखास आकडा ठोकून देत.

“तिथे किंमतच नाही, सर. भरीव ठिपका तुम्ही काढलेलाच नाही. आलेखात नाही ते मी सांगितलं असतं, तर खुशाल खिडकीवर संशय घ्यायचा.”

सरांनी खुर्चीत बसून गुण मांडले आणि उठून खिडकी उघडली. उकडतंय म्हणाले.