बुरुजावरची पहिली हाक

आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. डोंगरमाथ्यावर एक राज्य होतं. तिथे बाराही महिने धुकं असे आणि त्या धुक्यात चकवा राहत असे. तो माणसासारखी हाक मारायचा आणि वाटसरूंना थेट कड्यावर न्यायचा.

त्या राज्यात परमुलखातून आलेला एक तांबट होता. बारा वर्षं त्याने भांडी ठोकली, इथली भाषा घोटून घोटून शिकला, आणि अखेर राजाने त्याला आपल्या प्रजेत घेतलं. मानाचं पागोटं डोक्यावर चढलं तेव्हा गडी ढसाढसा रडला. रडणारच! बारा वर्षं 'उपरा' म्हणवून घेणं काही सोपं नसतं. त्याने लगेच थोरल्या भावाला सांगावा धाडला, "दादा, मी इथला झालो. बघायला ये."

नव्या प्रजाजनाने वेशीच्या बुरुजावर उभं राहून वाटसरूंना हाक द्यायची, अशी तिथली रीत होती. महिन्याभराने तांबटाची पहिली पाळी आली. बुरुज राखणारी म्हातारी त्याला म्हणाली, "बाळा, तुझ्या आईच्या बोलीत हाक मार हो. आमची भाषा चकव्याला येते. म्हणून खालच्या धर्मशाळेत सगळ्यांना बजावतात, की आपापल्या बोलीत हाक आली तरच त्या दिशेला जा. तुम्ही परमुलखातली माणसं आम्हाला हवी असता, ती यासाठीच."

तांबटाने खाली पाहिलं. अर्धं गाव त्याची हाक ऐकायला जमलं होतं. 'आता कुठे इथला झालोय,' त्याच्या मनात आलं, 'आणि यांच्यापुढे ती गावंढळ बोली? हसं होईल माझं.'

त्याने छाती फुगवली आणि अस्सल राजभाषेत हाक दिली, "या, वाट इकडे आहे!"

लोकांनी माना डोलावल्या. पण धुक्यातून जवळ येत असलेली एक घंटा अचानक थबकली. मग ती उलट दिशेने वाजू लागली.

तांबटाने तो नाद ओळखला. ती तांब्याची घंटा गाव सोडण्यापूर्वी त्यानेच ठोकली होती, दादाच्या बैलासाठी.

"दादा!" तो ओरडला. पण बारा वर्षं न बोललेले शब्द जिभेवर येईनात. आले तेही इथल्याच हेलात. दादाला वाटलं, चकवा आता आपली बोली शिकतोय. घंटा जोरजोरात वाजू लागली, कड्याकडे धावली आणि एकदम थांबली.

दुपारी लोकांना कड्याखाली दादा सापडला. बैल त्याच्या शेजारीच पडला होता.

पुढे तांबट जन्मभर त्या बुरुजावर उभा राहिला. रोज आईच्या बोलीत हाका मारायचा. त्या ऐकून कितीतरी जण सुखरूप आले. पण तो श्वास घ्यायला थांबला, की समोरच्या धुक्यातून त्याच्याच आवाजात, अगदी अस्सल राजभाषेत उत्तर यायचं, "या, वाट इकडे आहे!"

तात्पर्य : नव्या घराचा अभिमान जरूर बाळगावा, पण त्यापायी जुन्या घराची लाज वाटू लागली, तर आपलीच माणसं आपल्याला ओळखेनाशी होतात.