स्वच्छ ठसा

"पण आबा, ठसा स्वच्छ आला. यात माझं चुकलं काय?"

आबा रणपिसे काचेवरच्या शाईत रूळ फिरवत राहिले.

इरावती उभीच होती. छापचित्रांसाठी सुवर्णपदक मिळवून ती महिन्यापूर्वी म्हाताऱ्या आबांकडे शिकायला आली होती. आबा तेव्हा दरडीखाली गेलेल्या एका वाडीतल्या मुलांना ठसे काढायला शिकवत होते. वाचलेली माणसं तालुक्याच्या एका जुन्या शाळेत राहत होती. तिथल्या व्हरांड्यात मुलं पुठ्ठ्याचे तुकडे, सुतळी, पानं, जे हाती लागेल ते जाड पुठ्ठ्यावर चिकटवत. त्यावर शाई लावत, कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासत. कागद उचलला की ठसा.

आठ वर्षांच्या तनुजानं चार माणसं कापून चिकटवली होती. दुसऱ्या दिवशी त्यातलं सगळ्यात लहान माणूस तिनंच ओरबाडून काढलं. तिथं वाळलेला डिंक आणि पुठ्ठ्याची लक्तरं तेवढी उरली. ठशात तीन माणसं उमटत, आणि त्यांच्या शेजारी एक काळा, फाटका डाग.

तनुजा रोज तोच ठसा काढायची.

शनिवारी प्रदर्शन होतं. काल मुलं जेवायला गेली असताना इरावतीनं ब्लेडनं तो डाग खरवडून टाकला. जागा अगदी गुळगुळीत केली. काम चांगलं झालं म्हणून तिला बरंही वाटलं.

आज सकाळी तनुजानं कागद उचलला. तीन माणसं. शेजारी कोरं.

तिनं पुठ्ठ्यावर त्या जागी बोट फिरवलं. परत फिरवलं.

"हितलं कुनी काढलं?"

"घाण दिसत होतं गं. मी साफ केलं."

"हितं धाकला होता."

एवढं बोलून पोर भिंतीकडे तोंड करून बसली, ती बसलीच.

"तिनं स्वतःच तर काढलं होतं त्याला!" इरावतीचा आवाज चढला. "मला कसं कळणार?"

"विचारलंस?"

इरावती नवा पुठ्ठा आणि कात्री घेऊन तनुजापाशी गेली. गुडघे टेकून बसली.

"आपण दुसरा कापू या? तू सांगशील तसा?"

तनुजानं मान वळवली नाही.

"त्यो अजून गावला न्हाई," ती भिंतीला म्हणाली.

इरावतीनं कात्री खाली ठेवली. ती उठली. आबांसमोर येऊन उभी राहिली तेव्हा तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. तिनं सकाळचा तो तीन माणसांचा ठसा उचलला आणि घडी घालायला लागली.

"हा प्रदर्शनात नको, आबा."

आबांनी तिच्या हातातून कागद काढून घेतला. घडी तळहातानं सरळ केली. व्हरांड्यातल्या दोरीवर, बाकीच्या मुलांच्या ठशांच्या मधोमध, दोन चिमटे लावून तो टांगला.

"राहू दे. तुला हवा होता तसा आलाय."

बाकी प्रत्येक ठशाखाली ज्याचं त्याचं नाव होतं. इरावतीनं पेन्सिल घेतली.

"खाली... तनुजाचं नाव लिहू?"

आबा पुन्हा शाईकडे वळले.

"तुझं लिही."