तोंडी लावायला

"पोर गुणाची आहे, पण पानातलं डावं-उजवं तिला काही कळत नाही," तात्यासाहेब लेकीला, वत्सलेला, सांगत होते. दाराआड ताक घुसळणाऱ्या कुमुदची रवी थबकली. तिच्या लग्नाला दोनच महिने झाले होते.

आपल्या चटण्या-कोशिंबिरींचं चुकतं तरी काय, याचं तिला कुतूहल वाटलं. ती वाढता वाढता निरखू लागली. जवसाची चटणी केली, तर "कोरडी ठणठणीत!" म्हणत सासऱ्यांनी दोन भाकऱ्या हाणल्या. काकडीची कोशिंबीर केली, तर "किती गं पाणचट!" म्हणत वन्संनी तिसरी भाकरी मागून घेतली. मेथकुट केलं, तर तिच्या माहेराची टिंगल करण्याच्या नादात त्याला कुणी बोटही लावलं नाही, आणि नेमक्या त्याच दिवशी भाकऱ्या कमी पडल्या.

शेवटी तात्यासाहेबांनी फर्मावलं, "उद्या असं तोंडीलावणं कर, की भाकरी जास्त जाईल आणि पानात कण उरणार नाही. नाही जमलं, तर यापुढे स्वयंपाकाचं सगळं वत्सला ठरवेल."

दुसऱ्या दिवशी कुमुदने पिठलं-भाकरी वाढली आणि पानाची डावी बाजू कोरीच ठेवली.

"बघा तात्या, विसरली!" वन्सं खुदकन हसल्या. "माहेरी पद्धतच नसेल!"

"धांदरटच आहे ती," तात्यासाहेब म्हणाले, आणि बोलता बोलता त्यांची चौथी भाकरी संपली. मग ते गरजले, "सूनबाई, तोंडीलावणं कुठाय?"

कुमुदने पहिल्यांदाच मान वर केली. "मामंजी, या घरात तोंडी लावायला रोज मीच तर असते. आज म्हटलं, तेवढंच वाढावं. उरलं का काही पानात?"