सायत्रीची फेसाळी

फार वर्षांपूर्वी, सातपुड्याच्या पायथ्याला संत्र्याच्या बागा नुकत्याच लागत होत्या तेव्हा, ओंबळी गावात सायत्री नावाची एक तरणी आई राहायची. तिची आधीची दोन लेकरं बारशाआधीच गेली होती. गावात मानायचे की बिननावाचं लेकरू कुणाचंच नसतं, म्हणून मरण त्याला सहज उचलतं. आता तिसरं मांडीवर होतं. पण नाव ठेवायचं तर आधी आईनं स्वतःच्या हातची फेसाळी करायची, असा रिवाज. गावातली सगळ्यात म्हातारी भिवराआजी पहिला घोट घेणार, मग नाव सांगणार. फेसाळी आंबट निघाली तर बारसं पुढच्या गव्हाच्या सुगीपर्यंत लांबायचं.

फेसाळी म्हणजे गव्हाची हलकी दारू. गव्हाला मोड आणायचे, वाळवून भरडायचे, उकळून गाळायचे, त्यात जुन्या मडक्याचा गाळ घालून तोंडाला फडकं बांधायचं. मग मडकं निजतं. ते रिकामं होईपर्यंत करणारीनं एक शब्द बोलायचा नाही.

सायत्री गप्प बसली. एकीकडे बाळ, एकीकडे मडकं. कुणाकडे आधी बघावं, तिला कळेना.

गिरजाकाकू आली, फडक्याला नाक लावलं. "काऊन व सायत्रे, धने नाही घातले?"

सायत्रीनं मान हलवली, नको म्हणून. काकूला वाटलं, घातले नाहीत. तिनं मूठभर धने टाकले.

मग नणंद यमुना आली. "वयनी, संत्र्याची साल घातली काय?" मान हलली, साल पडली. मग वेलदोडे पडले, सुंठ पडली, कुणी पुन्हा धनेच टाकून गेलं. सायत्री जितक्या जोरानं मान हलवी तितकी बायांना तिची कीव येई. "अवं, बिचारीनं काहीच नाही घातलं!" शेवटी यातलं आपण काय घातलं, हे तिचं तिलाच आठवेना.

असं म्हणतात, की मग मडकं गुणगुणायला लागलं. बागेतल्या मधमाश्या येऊन फडक्यावर बसल्या आणि कुणालाच चावल्या नाहीत.

बारशाला भिवराआजीनं घोट घेतला आणि थबकली.

"आजी, आंबट हाय काय?" यमुनानं विचारलं.

"आंबट नाही व. गोड बी नाही. कडू... थांब, अजून दे." दुसरा घोट घेऊन म्हातारी इकडंतिकडं पाहू लागली. "नाव काय ठरलं होतं? मले तर काहीच आठवत नाही!"

वाटी फिरली. जो प्यायला तो विसरला, आणि ज्याला जे सुचलं ते नाव त्यानं घेतलं. हंबीर, दौलत, केशर, रायभान.

"रायभान कसा? पोरगी हाय ते!"

"मंग रायभानबाई म्हणा!"

एवढ्यात अंगणात काळी घोंगडी पांघरलेला माणूस येऊन उभा राहिला. सायत्रीनं ओळखलं. आधीची दोन्ही लेकरं न्यायला तोच आला होता. तिनं बाळ उराशी घट्ट धरलं.

"बिननावाचं लेकरू कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"बिननावाचं? हे तर केशर," यमुना म्हणाली. "दौलत," काकू म्हणाली. चहूकडून नावं आली.

तो गोंधळला. "मले तर एकच लेकरू सांगितलं होतं."

आजीनं पाहुणा समजून वाटी पुढं केली. "पिऊन घ्या बावा, मंग मोजा."

तो प्यायला. वाटी परत देताना म्हणाला, "मी इथं कायले आलो होतो?"

कुणालाच सांगता येईना. सायत्रीला ठाऊक होतं. पण मडक्यात अजून फेसाळी होती, म्हणून ती बोलली नाही. आणि तो डोकं खाजवत बागेच्या वाटेनं निघून गेला, असं म्हणतात.

ती पोर पिकून म्हातारी झाली. तिचं खरं नाव काय, यावर गावात अजून एकमत नाही. तशी फेसाळी सायत्रीला पुन्हा कधी जमली नाही म्हणतात. कुणी म्हणतं, तिनं पुन्हा केलीच नाही.

आजही ओंबळीत बारशाची पहिली वाटी सायत्रीआईच्या नावानं बागेच्या बांधावर ओततात. त्या दिवशी प्रत्येकानं बाळाला वेगळ्या नावानं हाक मारायची. आणि दारात कुणी अनोळखी आला, तर त्यानं काही विचारायच्या आत त्याच्या हातात वाटी द्यायची.