तीनशे चुली आणि अळणी पंगत

ढगसुद्धा माणसाशी दोन शब्द बोलायला थांबत, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. एका डोंगरावर राजाचं नगर होतं आणि डोंगराच्या पायथ्याशी, खाडीच्या काठी, मीठ पिकवणाऱ्यांचं लहानसं गाव होतं.

नगराची एक गंमत होती. तिथं माणसाचा मान चुलींवर ठरायचा. ज्याच्या अंगणात जास्त चुली धगधगतात, तो मोठा. बरं, चुलीवर भांडं हवंच असं कुठं आहे? स्वयंपाक दोन चुलींवर आणि नुसत्या पेटलेल्या वीस! राजवाड्यात तर तीनशे. धूर आभाळाला भिडे आणि लोक मिशांना पीळ देत.

खाली खाडीकाठी चांगुणा नावाची म्हातारी राहायची. अंगानं काडी, पण जीभ कोयत्यासारखी. मीठ पिकायचं चैत्राच्या कडक उन्हात. आणि आता नेमका तेव्हाच धो धो पाऊस कोसळू लागला होता. सलग तीन वर्षं मिठाच्या राशी डोळ्यांदेखत विरघळल्या, घरांत गुडघाभर पाणी शिरलं. "यंदाही असंच झालं, तर गाव सोडायचं," लोकांनी ठरवलं. चांगुणाला रडू फुटलं. मिठागराच्या बांधांना चिखल लिंपत तिनं इथंच सत्तर वर्षं काढली होती.

चौथ्या चैत्रात ढग आलाच. हा गलेलठ्ठ! चालताना धापा टाकत होता.

"अरे मेल्या," चांगुणा ओरडली, "तुला हीच वेळ सापडली? आणि आमचंच गाव?"

ढग ओशाळला. "काय करू गं बाय? वरच्या चुलींनी आभाळ तापलंय, समुद्र तापलाय. वाफ इतकी, की नको म्हटलं तरी पोटात जाते. पूर्वी मी हलका होतो, आषाढाची वाट बघायचो. आता डोंगरसुद्धा चढवत नाही, इथंच फुटतो."

एवढं बोलून बिचारा फुटलाच. मिठाची रास गेली.

मोसमातलं पहिलं टोपलीभर मीठ राजवाड्यात पोचवायचं, हा गावाचा रिवाज होता. चांगुणानं टोपलीऐवजी घागर घेतली, मिठागरातलं गढूळ पाणी तीत भरलं आणि ती तडक डोंगर चढली.

राजवाड्यात पंगत बसत होती. कोठारातलं शेवटचं मीठ कालच संपलं होतं आणि आचारी टोपलीकडे डोळे लावून बसले होते. चांगुणानं घागर राजापुढे ठेवली. "महाराज, हे यंदाचं मीठ."

"थट्टा करता, आजी? हे तर पाणी आहे."

"मीठच होतं. तुमच्या चुलींनी ढग फुगवला, त्यानं ते धुऊन नेलं," ती म्हणाली आणि ढगाचं सगळं बोलणं तिनं सांगितलं.

शेजारी बसलेला सरदार खो खो हसला. "पाऊस पडला खाली, त्याला वर आम्ही काय करणार? वाढा रे पानं!"

राजानं पहिला घास घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "शी, अळणी!"

"छे छे, महाराज, अमृत आहे अमृत!" सरदार घाईघाईनं म्हणाला.

"असं? मग माझंही पान तुम्हीच संपवा."

सरदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. चांगुणानं आचाऱ्याला विचारलं, "बाबा रे, तीनशे चुली पेटल्यात. भांडी किती चुलींवर?"

"चाळीस," आचारी पुटपुटला.

"आणि बाकीच्या कशाला?"

"मानासाठी."

"मग अडलंय कुठं? आज मिठाऐवजी मानच तोंडी लावा की!"

राजा आधी लाल झाला, मग हसला आणि हसता हसता त्याची नजर घागरीवर गेली. "आजी," तो म्हणाला, "तीन वर्षं तुमच्या घरांत पाणी शिरतंय आणि मला ते आज कळतंय, तेही माझी भाजी अळणी झाली म्हणून. लाज वाटते मला." तो उठला, घागर उचलली आणि ते खारं पाणी त्यानं स्वतः पहिल्या रिकाम्या चुलीवर ओतलं. चर्रर्र!

तापलेलं आभाळ काही एका दिवसात निवत नाही. पुढच्या चैत्रातही पाऊस आला. पण तोवर नगरातली माणसं खाली उतरली होती. त्यांनी चिखलाच्या पाट्या वाहिल्या, बांध उंच केले, घरांचे चौथरे चढवले. निम्मी रास वाचली आणि गाव उठलं नाही. वर नगरात आता चुली विझवण्याची चढाओढ लागली. त्या अमृतवाल्या सरदारानं तर मानापायी शेवटची चूलही विझवली आणि भाकरीसाठी शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला!

काही वर्षांनी एका चैत्रात तो ढग खाडीवरून गेला. चांगला सडपातळ झाला होता. "आषाढात येतो गं, बाय!" त्यानं वरूनच हाक मारली.

"ये, पण बेतानं ये!" चांगुणा हसली आणि राजवाड्यासाठी टोपलीत मीठ भरू लागली.

तात्पर्य: ज्याच्या चुलीनं दुसऱ्याचं घर बुडतं, त्याचं ताटही एक दिवस अळणी होतं.